आकडा बदलतो तेव्हा

आज आधी एक घरची गोष्ट सांगतो, मग इतिहासाकडे वळू. मी एका छोट्या संस्थेचा विश्वस्त आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तिथे मदतीचा फोन चालतो, इंटरनेटवरचा. गेल्या वर्षी तो अडीच दिवस बंद होता आणि आम्हाला कळलंच नाही! आमच्याकडून बाहेर फोन लागत होते. बाहेरून येणारे तेवढे येत नव्हते. कार्यकर्त्यांना वाटलं, या आठवड्यात सगळ्यांचं बरं चाललेलं दिसतंय. एका आजोबांनी तीनदा नंबर फिरवला आणि शेवटी खालच्या वाण्याला हाक मारली, तेव्हा उलगडा झाला.

कारण क्षुल्लक. सेवा देणाऱ्या कंपनीने सर्व्हर बदलले. महिनाभर आधी ईमेलही केली होती, पण ती गेली काम सोडून गेलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर. आमच्या फायरवॉलमध्ये ओळखीचे म्हणून जुन्याच सर्व्हरचे आकडे. नवा सर्व्हर दार ठोठावत राहिला आणि दारवान इमानेइतबारे त्याला परत पाठवत राहिला.

आता 1982 मध्ये चला. अमेरिकेत अर्पानेट नावाचं जाळं होतं, त्यावर सुमारे 400 संगणक. एनसीपी हा जुना नियमसंच बंद करून 1 जानेवारी 1983 ला सगळ्यांनी टीसीपी/आयपीवर जायचं ठरलेलं. ठरलं म्हणून लोक हलतात थोडेच? तेव्हा व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 च्या मध्यावर एक दिवस एनसीपी मुद्दाम बंद ठेवला. ज्यांची तयारी नव्हती ते त्या दिवशी उघडे पडले. पुढे काही महिन्यांनी दोन दिवस बंद ठेवला. रंगीत तालीमच म्हणा ना. तरीही नव्या वर्षात काहींची धावपळ चाललीच, आणि 'या स्थलांतरातून मी वाचलो' अशा अर्थाचे बिल्ले मंडळींनी छातीवर लावले.

त्याच 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची व्यवस्था मांडली, जिला आपण डीएनएस म्हणतो. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. आमच्या विषयात नाम आणि नामी यांच्या संबंधावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. इथे तोच प्रश्न व्यवहारात सुटला. नाव कायम ठेवा, आकडा खुशाल बदला. 2002 मध्ये इंटरनेट फोनचा 'सिप' हा नियमसंच सुधारून आला, तेव्हा त्याच्या जोडीला सर्व्हर नावावरून कसा शोधायचा याचेही नियम आले. तरी कार्यालयांतून माणसं आकडेच टाकतात. शुक्रवारी संध्याकाळी काम उरकायचं असतं, आकडा टाकला की फोन लागतो. फायरवॉलला तर बहुधा आकडेच द्यावे लागतात, हेही खरं.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागलं. ट्रायने 29 मे 2020 ला तशी शिफारस केली होती. घरी काही अडलं नाही. पण ज्या कचेऱ्यांत बाहेरची लाइन घ्यायलाच शून्य दाबतात, तिथे आता दोन शून्यं! इंटरनेटवरच्या यंत्रणांत तर नंबर फिरवण्याचे नियमच बदलावे लागले. मात्र त्यात एक शहाणपण होतं. शून्य विसरणाऱ्याला ध्वनिमुद्रित सूचना ऐकू यावी अशी व्यवस्था सांगितली होती. चूक झाली की कुणीतरी बोलत होतं. आमच्या अडीच दिवसांत कुणीच बोललं नाही.

सध्या काय करतो विचाराल, तर कंपनीला दोन माणसांचे ईमेल दिलेत. फायरवॉलमधल्या प्रत्येक आकड्यापुढे तो का आहे आणि कधी घातला, ते वहीत लिहिलंय. पुढच्या बदलाची तारीख आलीय. तिच्या आधीच्या रविवारी जुना रस्ता तासभर बंद ठेवून बघणार आहोत. फोन लागला एवढ्यावर थांबायचं नाही, दोन्हीकडचा आवाज ऐकायचा, कारण घंटी एका वाटेने येते आणि आवाज दुसऱ्या. आणि रोज सकाळी साडेनऊला आमच्या एक कार्यकर्त्या स्वतःच्या मोबाइलवरून संस्थेचा नंबर लावतात. शेजारच्या टेबलावरचा फोन वाजतो, त्या उचलतात, स्वतःलाच नमस्कार म्हणतात आणि वहीत खूण करतात.