‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे! एका इंग्रजी शब्दजोडीचे अनेक अर्थ आणि तिचा इतिहास

‘बँकांनी हजारो कोटींची कर्जे राइट ऑफ केली’ अशी बातमी मोबाईलवर आली की गावागावांत एकच चर्चा सुरू होते. मोठ्यांचं कर्ज माफ झालं, मग शेतकऱ्याचं का नाही? दुसरीकडे एखाद्या शेतकऱ्याला स्वतःच्या सिबिल रिपोर्टमध्ये ‘रिटन ऑफ’ असा शेरा दिसतो आणि आपलं कर्ज मिटलं, असं समजून तो निर्धास्त होतो. या दोन्ही ठिकाणी घोळ होतो तो एका इंग्रजी शब्दजोडीच्या अर्थाचा.

शब्द कसा तयार झाला?

यातला ‘राइट’ म्हणजे बरोबर किंवा उजवा नव्हे, तर लिहिणे. ‘ऑफ’ म्हणजे वेगळे, दूर, बाजूला. इंग्रजीत साध्या क्रियापदाला असा छोटा शब्द जोडला की पुष्कळदा अर्थच बदलतो. मराठीतही असं होतं. ‘नेणे’ म्हणजे घेऊन जाणे, पण ‘वेळ मारून नेणे’ यात कुणी काही उचलून नेत नाही. तसंच ‘राइट ऑफ’मध्ये नुसतं लिहिणं नाही, तर लिहून एखादी रक्कम हिशोबातून बाजूला काढणं आहे.

इंग्रजीतल्या ‘राइट’चा जुना अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता. आपल्या ‘लिहिणे’मागच्या संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थही ओरखडणे, खरवडणे असाच आहे. लाकडावर, दगडावर कोरून लिहायच्या काळातली ही आठवण दोन्हीकडच्या शब्दांत राहून गेली.

व्यापाऱ्याच्या वहीतून सुरुवात

हिशोबाच्या अर्थाने हा शब्द इंग्लंडमध्ये १७ व्या शतकात वापरात आला. तेव्हा व्यापाऱ्याकडे जमा-खर्चाच्या जाड वह्या असत. उधारी बुडाली, माल सडला, तर ती रक्कम ‘येणे’ म्हणून तशीच ठेवण्यात अर्थ नसे. मालमत्ता उगाच फुगलेली दिसायची. म्हणून ती रक्कम येण्यातून कमी करून तोट्यात लिहीत. तेच राइट ऑफ.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. व्यापारी आपल्या वहीत काहीही लिहो, उधारी घेणाऱ्याचं देणं तेवढ्याने संपत नव्हतं. पुढे त्याने पैसे आणून दिले तर व्यापारी ते घ्यायचाच. आजच्या बँकेचंही तसंच आहे.

एकच शब्द, किती अर्थ?

▪ बँकेत : वसूल न झालेलं कर्ज ताळेबंदातून काढणे.

▪ व्यापारात : बुडीत उधारी तोट्यात दाखवणे. अमेरिकेत करातून वजावट मिळणाऱ्या खर्चालाही बोलताना राइट ऑफ म्हणतात.

▪ गाडीच्या विम्यात : अपघातात गाडीचा इतका चुराडा होणे की दुरुस्ती परवडत नाही. आपल्याकडे याला ‘टोटल लॉस’ म्हणतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला की साधारणपणे गाडी टोटल लॉस धरतात. २० व्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश वैमानिक पडून निकामी झालेल्या विमानाबद्दल हा शब्द वापरत. विमान सरकारी यादीतून कमी केलं जाई, त्यावरून तो रुळला.

▪ माणसाबद्दल : ‘त्याला राइट ऑफ करू नका’ असं क्रिकेटच्या समालोचनात ऐकू येतं. म्हणजे संपला म्हणून सोडून देऊ नका.

▪ जुन्या बोलीत : पत्र पाठवून एखादी वस्तू किंवा माहिती मागवणे. इंग्लंडमध्ये हा अर्थ होता, आता मागे पडला.

गावातलं ‘निर्लेखन’ हेच

जिल्हा परिषद शाळेच्या पडायला आलेल्या खोल्यांचा ‘निर्लेखन प्रस्ताव’ गावात सगळ्यांनी ऐकलेला असतो. हे निर्लेखन म्हणजेच राइट ऑफ. मोडकी बाकं, जुना पंप, गंजलेली कपाटं डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी करायची तरी हाच शब्द. खोली निर्लेखित झाली म्हणजे ती कागदावर शाळेची मालमत्ता उरली नाही. पण ती पाडेपर्यंत भिंती तिथेच उभ्या असतात. कर्जाचंही नेमकं असंच आहे.

शब्दही जुना आहे. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत जीभ घासायच्या पट्टीला ‘जिह्वानिर्लेखन’ म्हटलं आहे. निर्लेखन म्हणजे खरवडून काढणे.

मग ‘वेव्ह ऑफ’ काय आहे?

खरा गोंधळ इथे आहे. माफ करणे यासाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ असा कायद्याच्या भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ हक्क सोडणे. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द हात हलवणे या अर्थाचा आहे आणि त्याला ‘ऑफ’ लागतो. आपल्याकडे दोन्ही एकत्र होऊन माफीसाठी ‘वेव्ह ऑफ’ रूढ झालं. आता ‘राइट ऑफ’ आणि ‘वेव्ह ऑफ’ कानाला सारखेच वाटतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कर्जमाफी (वेव्ह ऑफ) : देणंच संपतं. शेतकऱ्याच्या वतीने सरकार बँकेला पैसे भरतं. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, राज्याची २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना ही याची उदाहरणं.

राइट ऑफ : फक्त बँकेच्या पुस्तकातली नोंद बदलते. कर्जदाराचं देणं कायम राहतं.

बँक असं का करते?

समजा, एका शेतकऱ्याने १ लाख रुपये पीककर्ज घेतलं आणि ते थकलं. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज देय तारखेनंतर २ हंगाम, तर जास्त मुदतीच्या पिकाचं १ हंगाम थकलं की ते एनपीए होतं. मग बँकेला आपल्या नफ्यातून त्यासाठी तरतूद बाजूला ठेवावी लागते. ही तरतूद वाढत वाढत पूर्ण रकमेएवढी झाली की ते कर्ज ताळेबंदात ठेवून उपयोग नसतो. बँक ते राइट ऑफ करते. ताळेबंद स्वच्छ होतो, कराचा हिशोब जमतो. शेतकऱ्याच्या खात्यावर मात्र बाकी तशीच दिसते.

रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकात ‘तांत्रिक राइट ऑफ’चा अर्थ हाच दिला आहे : फक्त हिशोबापुरती नोंद, कर्जदारावरचा हक्क न सोडता.

२०१४-१५ ते २०२२-२३ या ९ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे राइट ऑफ केली, असं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. त्यातली ७.४१ लाख कोटींच्या आसपास कर्जे मोठे उद्योग आणि सेवा क्षेत्राची होती. एप्रिल २०१४ ते मार्च २०२३ या काळात राइट ऑफ केलेल्या कर्जांतून वसूल झाले सुमारे २.०४ लाख कोटी. म्हणजे कागदावर ही माफी नाही, पण वसुली फार थोडी झाली. लोकांचा राग आहे तो यावर.

कर्जदाराने काय लक्षात ठेवावं?

▪ ‘रिटन ऑफ’ शेरा म्हणजे सुटका नव्हे. वसुली सुरू राहू शकते. जामीनदारही आपोआप मोकळा होत नाही.

▪ सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघू शकतो.

▪ हा शेरा असेल तर नवीन कर्ज मिळणं अवघड जातं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो पाहावा.

▪ तडजोड करायची तर एकरकमी परतफेडीची रक्कम बँकेकडून लेखी घ्यावी. तोंडी बोलण्यावर पैसे भरू नयेत.

▪ पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घ्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्यावा. तडजोडीनंतर रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा येऊ शकतो. पूर्ण फेड झालेल्या ‘क्लोज्ड’पेक्षा तो कमी दर्जाचा धरतात.

बातमीत ‘राइट ऑफ’ दिसलं की एवढंच विचारायचं : नोंद पुसली की देणं? देणं संपल्याचा दाखला हातात नसेल, तर कर्ज अजून उभंच आहे.