रुग्णाची साक्ष

इस्पितळाचा इतिहास बहुधा ते उभारणाऱ्यांच्या नावाने लिहिला जातो. खाटेवर पडलेल्या रुग्णाचे म्हणणे क्वचितच कागदावर उतरते. जुन्या गोव्यातील शाही इस्पितळाबाबत मात्र अशा साक्षी उपलब्ध आहेत.

१५१० साली गोवा जिंकल्यावर पोर्तुगीजांनी आपल्या सैनिकांसाठी हे इस्पितळ स्थापिले. पुढे त्याचा कारभार येशूसंघीयांकडे आला. १६०८ साली फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी कैदी म्हणून, आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला. बाहेरून त्याला ती वास्तू राजवाडाच भासली. लाखेने रंगविलेल्या खाटा, तीन दिवसांनी बदलल्या जाणाऱ्या चादरी, वैद्यांच्या दिवसातून दोन फेऱ्या, चिनी मातीच्या भांड्यांतून येणारे कोंबडीचे जेवण! जगात याहून उत्तम इस्पितळ नसावे, असे त्याने लिहून ठेवले. परक्या कैद्याने केलेली ही प्रशंसा खुशामत म्हणून बाजूला सारता येत नाही.

परंतु त्याच शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एकाच इस्पितळात सुमारे २५,००० सैनिक मरण पावले, असे तत्कालीन नोंद सांगते. दीर्घ सागरप्रवासाने खंगलेली शरीरे, ताप, हगवण आणि वारंवार रक्त काढण्याची त्या काळची उपचारपद्धती यांपुढे स्वच्छ चादरींचा इलाज नव्हता. शिवाय हे वैभव युरोपीयांपुरतेच होते; स्थानिक ख्रिस्ती जनांसाठी इस्पितळ निराळे होते.

टॅव्हर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी १६४१ व १६४८ साली गोव्यास आला. पहिल्या भेटीत त्याला व्यवस्था चांगली आढळली. पुढे व्यवस्थापक बदलले आणि रुग्णांची आबाळ होऊ लागली, असे तो लिहितो. बरे होऊ लागलेले रुग्ण तहानेने घोटभर पाण्यासाठी याचना करीत. सेवक मात्र हातावर पैसे पडल्याखेरीज पाणी देत नसत, आणि वैद्यांची मनाई असल्याचे सांगून तेही चोरून देत.

उपचार योग्य होता की नाही, हे पिरारला कळणे शक्य नव्हते. त्यासाठी मृतांची संख्याच पाहावी लागते. पण पाणी विकले जात होते, हे मृतांच्या संख्येवरून कधीच कळले नसते. ते तहानलेल्या रुग्णालाच ठाऊक होते. आज अनेक इस्पितळे घरी निघालेल्या रुग्णाकडून अभिप्राय भरून घेतात. तो कागद कोणीतरी मन लावून वाचावा, आणि त्याच्या शेजारी मृत्यूंची नोंदवहीही उघडी असावी.