दोन डोळ्यांचा कॅमेरा

एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवून पाहा. दोरा नेढ्याच्या अलीकडून नाहीं तर पलीकडून निसटतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारें अडीच इंचांचें अंतर असतें, म्हणून प्रत्येकाला तीच वस्तु किंचित् निराळी दिसते; या दोन दृश्यांचा मनांत मिलाफ झाला म्हणजे खोली भासते. ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध करून दाखविली ती चार्ल्स व्हीटस्टन यांनीं, १८३८ सालीं, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें.

हें साल ध्यानांत ठेवावें. दागेर यांची छायाचित्रें काढण्याची कृति जगाला कळली ती १८३९ सालीं. म्हणजे स्टीरिओस्कोप हें फोटोग्राफीचें अपत्य नव्हे. तो तिच्या आधींच जन्मला! व्हीटस्टन यांनीं काटकोनांत जोडलेल्या दोन आरशांच्या दोहों बाजूंस दोन आकृति मांडल्या. त्यांत छायाप्रकाश मुद्दामच ठेविला नव्हता, नुसत्या रेघा होत्या. कारण छटांमुळें एका डोळ्यालाही उठाव भासतो, मग दोन डोळ्यांचें कार्य वेगळें कसें ओळखावें?

हें यंत्र मेजावर मांडण्याजोगें होतें. १८४९ सालीं सर डेव्हिड ब्रूस्टर यांनीं आरशांऐवजीं भिंगें योजून हातांत धरण्याजोगी पेटी केली. ब्रिटनमधील कारागिरांनीं तिची कदर केली नाहीं. पॅरिसच्या ड्यूबॉस्क यांनीं ती बनविली. सांगतात कीं, तेथील विद्वानांस ती दाखवावयास नेली तेव्हां आरागो यांना दृष्टिदोषामुळें कांहींच उमगेना, आणि दुसरे एक पंडित तिरळे निघाले! १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत व्हिक्टोरिया राणीला ती आवडली, आणि मग दिवाणखान्यांतून तिचा सुळसुळाट झाला. पुढें १८५६ सालीं ब्रूस्टर यांनीं पुस्तक लिहून व्हीटस्टन यांच्या श्रेयालाच हात घातला. माझ्या मतें हा अन्याय होता. सुटसुटीत पेटीचा मान ब्रूस्टर यांस द्यावा. मूळ शोध व्हीटस्टन यांचाच.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. प्रारंभीं एकाच भिंगाच्या कॅमेऱ्यानें एक चित्र घेत, मग कॅमेरा बाजूला सरकवून दुसरें घेत. मधल्या वेळांत रस्त्यावरचा मनुष्य चालता झाला, कीं तो एका डोळ्यास दिसे आणि दुसऱ्यास दिसत नसे. मँचेस्टरचे जॉन बेंजामिन डान्सर यांनीं दोन भिंगांचा कॅमेरा करून १८५६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. दोन्हीं चित्रें एकाच क्षणीं उमटूं लागलीं.

परंतु त्यांत एक गंमत होती. भिंगामागें प्रत्येक चित्र उलटें पडतें. काचेवरून कागदी छाप काढून तो सरळ धरला, कीं डाव्या डोळ्याचें चित्र उजवीकडे येतें. म्हणून छाप मधोमध कापून दोन्हीं तुकड्यांची अदलाबदल करून ते पुठ्ठ्यावर चिकटवावे लागत. ही कात्री विसरली, कीं जवळचें दूर जाई: झाडामागची भिंत झाडाच्या पुढें सरके.

व्हीटस्टन यांनीं हीच चूक मुद्दाम करणारें एक यंत्र बनवून १८५२ सालीं जगापुढें ठेविलें. त्यांतून पाहिलें कीं वाडग्याची पोकळी फुगीर दिसूं लागे. माणसाचा चेहरा मात्र सहसा उलटत नसे. डोळ्यांनीं कांहींही सांगितलें तरी नाक आंत गेलें आहे, हें मन कबूल करावयास तयार होईना.