धूर कुणाचा, हिशेब कुणाचा? दिघ्याच्या धरणापासून रिओपर्यंत

१/ नवी मुंबईतील दिघा येथे, पारसिक डोंगराच्या कुशीत, इलठणपाड्याचे ब्रिटिशकालीन धरण आहे. ते शेतीसाठी बांधलेले नव्हते. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवणे, हा त्याचा हेतू. पर्यावरणाच्या हानीला श्रीमंत देश अधिक जबाबदार की विकसनशील, या वादाचा एक धागा या पाण्यापर्यंत पोहोचतो.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची इंजिने इंग्लंडमध्ये घडलेली, भांडवल मुख्यतः तिथलेच. त्यावर ५ टक्के परताव्याची हमी मात्र भारतीय महसुलातून. कमाई अपुरी पडली, तर भार इथल्या रयतेवर.

३/ त्या काळी कोळशाचा धूर म्हणजे प्रामुख्याने ब्रिटनचा धूर. १८८२ पर्यंत जगाने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक एकट्या ब्रिटनचा होता. या वायूचा बराच अंश शतकानुशतके वातावरणात टिकतो. म्हणून हा इतिहास अद्याप संपलेला नाही.

४/ पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्टा रासायनिक कारखान्यांनी भरला. दिघा त्याच्या उत्तर टोकाला. याच पट्ट्यातील ‘नोसिल’मध्ये मफतलाल समूहासोबत शेल ही युरोपीय कंपनी भागीदार होती. रोजगार आला, सांडपाणी ठाणे खाडीला मिळाले.

५/ १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि प्रदूषण यांचा एकत्र विचार करण्याचा आग्रह धरला. गरीब देशांना विकास नाकारून पर्यावरण वाचणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

६/ आज तीन प्रकारे हिशेब मांडता येतो. वार्षिक उत्सर्जनात भारत चीन व अमेरिकेनंतर तिसरा. दरडोई पाहिल्यास भारतीयाचे सुमारे २ टन, अमेरिकनाचे सुमारे १५. आजवरच्या संचयात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, भारताचा ३ ते ४ टक्के. आकडे तिन्ही खरे. कोणता पुढे करायचा, यावर दोषी ठरतो.

७/ चौथा हिशेब उपभोगाचा. ब्रिटनने कोळसा जवळपास सोडला, हे खरेच. पण तिथे वापरल्या जाणाऱ्या अनेक वस्तू आता परदेशात बनतात आणि त्यांचा धूर बनवणाऱ्या देशाच्या नावे लागतो.

८/ १९९२ मध्ये रिओ येथे स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या हवामान करारात ‘समान, परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व नोंदले गेले. भार सर्वांवर, पण सारखा नाही.

९/ हेच तत्त्व देशाच्या आतही लागू पडते. भारताच्या दरडोई २ टनांत विमानाने फिरणारा आहे आणि दिघ्याच्या झोपडपट्टीत राहणारा कामगारही. सरासरी दोघांची एकच. जगापुढे न्याय्य वाटणी मागणाऱ्या देशाला ती आपल्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनाही द्यावी लागेल.