मोठा डेटा लहान हार्ड डिस्कवर कसा वाटून ठेवायचा?

समजा, आसनगाव स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत लग्नसराई संपली आहे. शहापूर-मुरबाडकडच्या हळदी, वराती मिळून कॉम्प्युटरवर १,८०० जीबी डेटा साठलाय. कपाटात १ टीबीच्या दोन रिकाम्या डिस्क आहेत. मावेल?

मावेल, पण जेमतेम. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात. विंडोज १,०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे तीच डिस्क तिथे ९३१ जीबीची दिसते. दोन मिळून १,८६२.

इथे खरी गोम क्रमात आहे. चार फोल्डर आहेत: ३००, ४००, ५०० आणि ६०० जीबीचे. लहानापासून सुरुवात केली तर पहिल्या डिस्कवर ७००, दुसरीवर ५०० जीबी भरतात आणि ६००चा फोल्डर बाहेरच राहतो. मोठ्यापासून भरा: ६०० एकीवर, ५०० दुसरीवर, मग ४०० दुसरीवर, ३०० पहिलीवर. दोन्हीकडे ९००. संगणकशास्त्रात या प्रश्नाला ‘बिन पॅकिंग’ म्हणतात. टेम्पोत सामान भरणाऱ्यांना तो न शिकता येतो: कपाट आधी, बोचकी नंतर.

सगळ्याची एक झिप करून तिचे तुकडे पाडणं सोपं वाटतं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या काळात मोठ्या फाइलसाठी ते करावंच लागे. पण एक तुकडा गेला की उरलेल्यांतून फाइल्स काढणं मुश्कील. फोल्डर अख्खे ठेवले, तर एक डिस्क बिघडली तरी दुसरीवरची लग्नं शाबूत राहतात.

डिस्क ‘फॅट३२’ प्रकारात फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर जातच नाही; ‘एक्सफॅट’ निवडा. कॉपीसाठी विंडोजमधलं ‘रोबोकॉपी’ बरं. मध्येच वीज गेली तर तीच कमांड पुन्हा द्यायची, पूर्ण झालेल्या फाइल्स ते वगळतं. नंतर दोन्हीकडच्या फाइल्सचे ‘चेकसम’ जुळतात का ते पाहा. कोणतं लग्न कोणत्या डिस्कवर, याची यादी वहीत असू द्या.

मग मूळ डेटा पुसायचा? थांबा. पुसला की प्रत्येक लग्नाची एकच प्रत उरते. तिला बॅकअप म्हणत नाहीत, ती फक्त जागा बदललेली मूळ प्रत. दुसरा संच हवा, तोही दुसऱ्या घरात. म्हणजे डिस्क दोन नाहीत, चार लागतील.