जोतिबाच्या डोंगरावरचा न जुळणारा हिशोब

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जायचं, गुलालात न्हायचं, 'चांगभलं' म्हणायचं आणि खाली उतरायचं. देऊळ कोणी बांधलं हा प्रश्न सहसा डोक्यात येत नाही. तर मंडळी, आजचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. इतकं जवळचं, की राणोजींच्या एका मुलाचं नावच जोतिबा होतं.

आता या भक्ताच्या घरात पुढे काय झालं बघा. तो जोतिबा १७४२ मध्ये ओरछाकडे दग्याने मारला गेला. जयाप्पाचा १७५५ मध्ये नागोरला खून झाला. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडला. वर्षभरात पानिपतावर तुकोजी गेला आणि नातू जनकोजीला पकडून ठार केलं. पाच मुलांपैकी उरला एकटा महादजी, तोही पायाने अधू.

आणि अब्दालीला बोलावणारा नजीबखान? तो दिल्लीचा कारभार बघत राहिला आणि १७७० मध्ये आजारपणाने गेला. शिक्षा वगैरे काही नाही! मग कुलदैवत करत काय होतं?

महादजीने देवही सोडला नाही आणि घोडाही. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, १७७२ मध्ये शाहआलम परत तख्तावर बसला. १७८८ मध्ये नजीबाच्याच नातवाने, गुलाम कादरने, त्या बादशहाचे डोळे काढले. महादजीच्या फौजेने त्याला पकडलं, १७८९ मध्ये मारलं.

झाला न्याय, असं म्हणून थांबायचा मोह होतो. पण पुढचं पान उलटलं की गडबड होते. महादजीचा वारस दौलतराव. त्याचा सासरा सर्जेराव घाटगे, आपल्या कागलचाच. त्याने १७९८ मध्ये पुणेकरांचे हाल हाल करून पैसा काढला. तो पैसा दौलतरावासाठीच होता. आणि याच दौलतरावाने १८०८ मध्ये जोतिबाच्या शेजारी केदारेश्वराचं देऊळ बांधलं!

म्हणजे मुलं गमावणाऱ्याचं आणि पुणं लुटवणाऱ्याचं देऊळ एकाच आवारात. देवाने दोघांचीही सेवा घेतली. डोंगरावर हिशोब जुळवायला गेलं तर तो जुळत नाही.

पण महादजी काही हिशोब जुळला म्हणून उभा राहिला नव्हता. १७६१ मध्ये त्याच्या हातात होतं काय? मेलेले भाऊ आणि मोडका पाय. दुष्टांचं वाटोळं झाल्यावरच देवाला मानायचं असतं, तर तो तेव्हाच घरी बसला असता. निकाल माहीत नसताना पुढची तेहेतीस वर्षं तो लढत राहिला. देवाकडून मागायचं तर मला हे बळ मागावंसं वाटतं.

असो. चांगभलं!