होमस्टेचे फोटो काढण्याआधी घर कसं तयार करायचं?

भंडारा जिल्ह्यातलं आसगाव पवनी तालुक्यात येतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा एक भाग याच तालुक्यात आहे. 'जय' वाघामुळे हे जंगल देशभर गाजलं. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तरी सफारीची ओढ कमी झालेली नाही. नागपूर मात्र फार लांब नाही, म्हणजे सफारी करून त्याच दिवशी घरी परतणं सहज शक्य. अशा पाहुण्याने गावात मुक्काम करावा की नाही, हे बऱ्याचदा मोबाईलवर दिसलेल्या पाच-सहा फोटोंवर ठरतं.

फोटोंचा असा परिणाम एअरबीएनबीच्या संस्थापकांनी सुरुवातीलाच अनुभवला होता. २००९ मध्ये कंपनीची कमाई आठवड्याला २०० डॉलरच्या आसपास अडकली होती. न्यूयॉर्कमधल्या यजमानांनी टाकलेले फोटो अंधारे आणि अस्पष्ट होते. संस्थापकांनी स्वतः घरोघरी जाऊन चांगले फोटो काढले आणि थोड्याच दिवसांत कमाई दुप्पट झाली.

घरात अंधार असेल तर?

कवेलूच्या घराची खरी अडचण हीच असते. खिडक्या लहान, छप्पर खाली उतरलेलं. डोळ्यांना खोली नीट दिसते, पण कॅमेऱ्यात दाराबाहेरचं अंगण पांढरंफटक आणि आतली खाट काळी येते. त्यामुळे फोटोग्राफर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एकाच जागेचे कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो काढतात आणि ते नंतर एकत्र करतात. या वेळात काहीही हलता कामा नये. पंखे बंद ठेवावेत, पडदे बांधून ठेवावेत.

बल्ब आदल्या दिवशीच तपासा. एका खोलीत पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूबलाईट एकत्र लागली की भिंत अर्धी निळसर, अर्धी केशरी दिसते. एका खोलीत एकाच रंगाचे दिवे लावावेत. पूर्वेकडच्या खोल्या सकाळी, ओसरी आणि अंगण दुपार कलल्यावर, असा क्रम फोटोग्राफरला आधीच सांगावा. डोक्यावरच्या उन्हात कवेलू आणि अंगण दोन्ही भकास दिसतात.

काय काढायचं, काय ठेवायचं?

आधी घरच्यांची माहिती बाजूला करा: मुलांची प्रमाणपत्रं, कौटुंबिक फोटो, वीजबिल, औषधांच्या चिठ्ठ्या, गाडीचा नंबर. इंटरनेटवर गेलेला फोटो परत घेता येत नाही. त्यानंतर कॅलेंडरं, चार्जरच्या वायरी, खुंटीवरचे कपडे, प्लास्टिकच्या खुर्च्या.

पण घर ओळखू येणार नाही इतकं रिकामं करू नका. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. चिंचेने घासून लखलखीत केलेला पितळी गुंड ओसरीवर शोभतो, भाड्याने आणलेला सोफा शोभत नाही. जमीन सारवायची असेल तर आदल्या दिवशी सारवा, कारण ओलसर डाग फोटोत गडद उठतात. चादरी साध्या, एकरंगी आणि इस्त्री केलेल्या हव्यात. कॅमेरा सुरकुती लपवत नाही.

संडास-बाथरूमचा फोटो लाजून टाळला जातो, आणि शहरातला पाहुणा नेमका तोच शोधत असतो. कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास, गरम पाण्याची सोय काय, हे फोटोतून कळलं पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांचं बुकिंग यावरच अवलंबून असतं.

कोणत्या महिन्यात?

हा भाताचा जिल्हा आहे. ऑक्टोबरमध्ये बांध्यांमधलं धान पिवळं पडू लागतं, आकाश स्वच्छ असतं आणि पावसाळ्यानंतर सफारीचा हंगामही सुरू होतो. उन्हाळ्यात याच बांध्या कोरड्या पडतात. फक्त हिरवे फोटो लावून मे महिन्यात पाहुणे बोलावले तर तक्रार ठरलेली, म्हणून एक-दोन फोटो उन्हाळ्याचेही ठेवावेत.

अंगणात वाघ दिसणार असा भास निर्माण करणारे फोटो तर नकोच. खूप रुंद लेन्स लावून दहा फुटांची खोली हॉलएवढी दाखवणं हीही फसवणूकच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लागू होतो. शिवाय घर वर्णनाप्रमाणे नसेल तर एअरबीएनबीवर पाहुणा अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत तक्रार करून पैसे परत मागू शकतो. घराशेजारून हायटेन्शन तार जात असेल तर ती फोटोतून पुसू नये. फार तर दुसऱ्या बाजूने फोटो घ्यावा आणि वर्णनात तारेचा उल्लेख करावा.

ड्रोन उडवायचा असेल तर अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय तो नेऊ नये.

फोटो कोणाच्या मालकीचे?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काम देणारा असतो, मात्र करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी कागद वाचावा. फोटो किती मिळणार, मूळ आकारात मिळणार का, आणि पाऊस आला किंवा वीज गेली तर दुसरी तारीख त्याच पैशात मिळणार का, हेही त्यात लिहून घ्यावं.